सात नंबरची थाळी

टेक्सासमधल्या जुन्या वस्तीतलं मेक्सिकन हॉटेल म्हणजे तीन पिढ्यांची रविवारची हजेरी. मेनूकार्ड सगळ्यांच्या हातात, वाचत मात्र कोणी नाही. आजोबांना सात नंबरच लागतो: दोन एन्चिलाडा, वर वितळलेलं पिवळंधमक चीज, शेजारी तांबूस भात आणि घोटलेल्या बीन्सचा लगदा. हेच चीज मेक्सिकोतल्या एखाद्या खेड्यात नेलंत, तर तिथली आजी आधी हुंगून बघेल.

१९७२ साली डायना केनेडीबाईंनी जाडजूड पुस्तक लिहून अमेरिकेला अस्सल मेक्सिकन स्वयंपाक समजावला. पुस्तक गाजलं, सात नंबर तसूभरही हलला नाही. त्याच्या आदल्याच वर्षी डॅलसच्या मारियानो मार्टिनेझ यांनी आइस्क्रीमच्या यंत्रातून बर्फाळ मार्गारिटा काढली होती. ते यंत्र आज स्मिथसोनियनच्या संग्रहात आहे. राष्ट्राला काय जपावंसं वाटतं, ते कळलं ना!

न्यूयॉर्कहून आलेला नातू अस्सलपणावर प्रवचन देतो. तोंडात फुकटच्या चिप्स असल्यामुळे निम्मं ऐकू येत नाही, हे बरंच. तेवढ्यात चरचरत, धूर सोडत फहीटा शेजारच्या टेबलाकडे जातात आणि आपण काहीतरी चुकीचं मागवलं, असं अख्ख्या हॉटेलला वाटतं. आजीच्या डोक्यावर भलामोठा सोंब्रेरो चढतो. तिचा वाढदिवस आहे म्हणे. तळलेलं आइस्क्रीम फुकट मिळतं, म्हणून तो वर्षातून तीनदा येतो. लहानग्यांसाठी चिकन नगेट्स.

बिल आलं की बाबा पुटपुटतात, "फार महाग केलंय," आणि चिप्सची चौथी टोपली मागवतात.