अस्सल आदिवासी दाखवा!

जबाबदार पर्यटनाचं वारं अजून आमच्या डोंगरकडा गावापर्यंत आलेलं नाही, हे गावाचं नशीबच. आलंच, तर पाहुण्यांची पहिली निराशा ठरलेली. आमच्या कळमनुरी तालुक्यातले आंध आदिवासी मराठीच बोलतात, पँट-शर्ट घालतात आणि हळद-सोयाबीनच्या भावावर तावातावाने बोलतात. पिसं नाहीत, ढोल नाही. मग फोटो कशाचा काढायचा?

अकोले तालुक्यातल्या पुरुषवाडीत महादेव कोळ्यांनी हे जबाबदार पर्यटन बरं जमवलंय. काजवे बघायला आलेला पाहुणा गावकऱ्याच्याच घरी जेवतो, झोपतो. पैसे गावात राहतात. पण तिकडे भंडारदऱ्याला काजव्यांच्या दिवसांत शहरी गाड्यांची अशी रांग लागते की हेडलाइटच्या उजेडात बिचारा काजवा स्वतःच बुजतो. निसर्गप्रेमच ते, त्याला प्रखर उजेड लागणारच!

आमच्याकडे योजना आलीच, तर आधी कमान, मग उद्घाटन, मग फलकावर नावं कुणाची यावरून भांडण. ज्यांच्या घरी राहायचं, त्यांना विचारायचं कलम शेवटच्या पानावर. ग्रामसभा? कोरमअभावी तहकूब. तोवर पाहुण्यांना भाकरी ‘अनुभव’ म्हणून मिळेल, दर वेगळा. थापणारीला त्यातलं किती, हे विचारायचं नाही, वातावरण बिघडतं.

आणि हो, फोटोसाठी आमच्याकडच्या केळीचा घड खांद्यावर घेणार असाल, तर जुना शर्ट घालून या. चिकाचा डाग काही केल्या जात नाही, आणि धुण्याचा खर्च पॅकेजमध्ये धरलेला नसेल.