गेलं ते काय उतरलं होतं!

असे एक नाना तुमच्याही ओळखीत असणारच. नसतील, तर ते तुम्हीच असण्याचा संभव आहे.

आमचे नाना रोह्याचे, मी पेणचा. दिवा-रोहा मेमूत पेणला चढताना खिडकीशी नाना दिसले की माझा पाय शेजारच्या डब्याकडे वळतो. पण तोवर हाक आलेली असते, "अरे ये, ये! काल काय झालं ठाऊक आहे?"

ठाऊक असतं. काल नानांचा मजकूर गेलेला असतो.

कासूपर्यंत प्रस्तावना चालते. नागोठण्याला नाना मूळ विषयाशी येतात. निडीला ते बटण दाबतात आणि मोबाइलच्या पडद्यावर 'आपले सेशन संपले आहे, पुन्हा लॉगिन करा' अशी पाटी येते. गाडी रोह्यात शिरताना खिडकीबाहेर बघत ते म्हणतात, "जाऊ दे. पण गेलं ते काय उतरलं होतं!"

आजवर काय काय गेलंय म्हणता? प्रेशर कुकरवरचा अभिप्राय गेला. त्यात नुसत्या शिट्टीवर दोन परिच्छेद होते. वीजबिलाची तक्रार तीनदा गेली. मुंबई-गोवा महामार्गाबद्दलचं निवेदन तर किती वेळा गेलं याची गणती नाही. पनवेल ते इंदापूर हा ८४ किलोमीटरचा टप्पा चौपदरी करायला २०११ साली घेतला, तेव्हापासून नानांच्या निवेदनालाही फाटे फुटत आलेत.

"पहिलंच वाक्य असं काही आलं होतं..."

"कसं?"

"तेच तर! पुन्हा तसं येत नाही."

एकदा मी त्यांना शास्त्र समजावायला बसलो. म्हटलं, "नाना, ही संकेतस्थळं जन्मजात विसराळू. प्रत्येक क्लिकला तुम्ही त्यांना नव्यानेच भेटता. म्हणून १९९४ साली नेटस्केप कंपनीतल्या लू मॉन्टुलीने कुकी नावाची चिठ्ठी काढली. ती दाखवली की पलीकडचा तुम्हाला ओळखतो. पण तुम्ही बराच वेळ हललाच नाहीत, तर उठून गेलात असं समजून तो दार लावतो. नाहीतर सायबर कॅफेत तुमच्यामागून बसणारा तुमचं खातं उघडंच बघेल."

"पण मी लिहीत होतो ना!"

"ते त्याला कळत नाही. बटण दाबल्यावरच कळतं."

नाना ताठ बसले. "तीस वर्षं वर्गात उभा राहिलो. मान खाली घालून लिहिणाऱ्या पोराची मी कधी गैरहजेरी लावली नाही."

यावर शास्त्राकडे उत्तर नाही. मी आकड्यांकडे वळलो. बँका काही मिनिटांतच बाहेर काढतात. पीएचपी नावाच्या, पुष्कळ संकेतस्थळांमागे असलेल्या भाषेत मूळ ठराव १,४४० सेकंदांचा आहे. तेवढा वेळ हालचाल नसली की सेशन कचऱ्यात जमा.

नानांनी बोटांवर हिशोब केला. "म्हणजे चोवीस मिनिटं. अरे, ही तर घटका! मुहूर्ताला आपण पाण्यात वाटी सोडायचो, ती बुडायला लागतो तेवढाच वेळ." आणि प्रथमच त्यांना त्या यंत्राबद्दल आदर वाटला. तेव्हापासून मजकूर गेला की नाना "घटका भरली" म्हणतात आणि मग अर्थातच, "पण काय उतरलं होतं!"

मी म्हटलं, आधी वहीत लिहा, मग तिकडे उतरवा. आमच्या पेणच्या कारखान्यांत शाडूचं अर्धं राहिलेलं काम ओल्या फडक्याखाली झाकून ठेवतात, तसं. नाना म्हणाले, "मूर्तीचं ठीक आहे. आरती कोणी फडक्याखाली ठेवून उद्या पुरी करतं का?" पुढे चिंतामणराव देशमुख आले. ते येतातच. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, रोह्यात वाढलेले, आणि कालिदासाचं मेघदूत मराठीत आणणारे. "यक्षाने ढगाच्या हाती निरोप दिला, त्याला कुठे लॉगिन विचारलं? आणि तुमचा तो क्लाउड!"

शेवटी गेल्या पावसाळ्यात मीच कासू ते रोहा त्यांचं निवेदन माझ्या मोबाइलवर उतरवून घेतलं, एका दमात चिकटवलं आणि बटण दाबलं. पोचलं! क्रमांकही आला. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं: 'आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.' खड्डा होता तिथेच होता.

त्या दिवशी नाना नागोठण्यापर्यंत गप्प होते. मग म्हणाले, "यापेक्षा जायचं ते बरं. पोचलं असतं तर कुणी तरी वाचलं असतं, असं समजायला जागा राहते."

मी म्हटलं, "पण नाना, मजकूर छान होता."

"हा? हा साधाच. गेले ते..."

परवा प्रथमच त्यांच्या घरी गेलो. ओटीवर सात-आठ माणसं पिशव्या घेऊन बसलेली. कुणाला उत्पन्नाचा दाखला हवा, कुणाला हयातीचा. वाडीवरची दोन पोरं शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी आलेली. नाना एकेकाचं आधार, पासबुक, जन्मतारीख दोनशे पानी वहीत रकाने आखून लिहून घेत होते. स्पेलिंग दोनदा तपासत, फोटो आधीच काढून ठेवत. सगळं जमल्यावरच लॉगिन, आणि समोर घड्याळ.

मी वही चाळली. सगळीकडे दुसऱ्यांचेच अर्ज. नानांच्या स्वतःच्या मजकुराची एक ओळही नव्हती.

"नाना, ही वही होती तर आजवर..."

"ती लोकांची आहे," नाना म्हणाले. "त्यांचं गेलं तर त्यांचा रोज बुडतो. माझं गेलं तर काय, तुला सांगायला होतं."

शेवटच्या पानावर अर्जांची संख्या होती: २१७. पुढे एक रकाना 'गेले' असा. तो कोरा आहे.