कॉन्व्हेंटातले मराठीचे सर

मुंबईच्या उपनगरातल्या कुठल्याही अनुदानित कॉन्व्हेंटात जा, हे सर भेटणारच. गाव सातारा-सांगलीकडचं, कपाळावर पुसट गंध, खिशाला लाल पेन आणि ओठांवर 'गुड मॉर्निंग, सिस्टर'. यांना आडनाव असतं ते फक्त पगारपत्रकात. सिस्टरांपासून शिपायापर्यंत सगळ्यांचे ते 'मराठी सर'.

'सर, तुम्ही इथंच का रमलात?' असं विचारलं, तर उत्तर माणूस बघून मिळतं. मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांना 'शिस्त', शेजाऱ्यांना 'संस्कार'. पोराच्या ॲडमिशनचं कारण फक्त मेहुण्याला, तेही पोटभर जेवण झाल्यावर. पगाराचं नाव मात्र कधी काढत नाहीत. काढून उपयोगही नाही, कारण पगार सरकार देतं आणि वेतनश्रेणी गावच्या अनुदानित शाळेत असते तीच.

खरं कारण म्हणजे संस्थाचालक. बी.एड. झाल्या झाल्या सर गावाकडच्या एका संस्थेत मुलाखतीला गेले होते. मुलाखत बंगल्यावर, साहेब झोपाळ्यावर. साहेबांनी गुणपत्रिका उघडलीसुद्धा नाही. 'किती जमेल?' एवढाच प्रश्न. आकडा ऐकून सोबत आलेल्या वडिलांनी मनातल्या मनात रान विकून पाहिलं आणि प्यायला पाणी मागितलं. पुढे साहेबांच्या कन्येच्या लग्नात पंगती वाढायच्या आणि निवडणुकीत घरोघर स्लिपा वाटायच्या, हे न सांगता समजून घ्यायचं होतं. नंतर कॉन्व्हेंटात फादरांनी विचारलं, 'खो-खो शिकवाल का?' सर 'येस फादर' म्हणाले आणि चिकटले.

'फादरांना मुलगा नाही, सून नाही, जावई नाही,' सर आवाज उतरवून सांगतात. 'पुतण्या असतो, पण तो कॅनडात.' ब्रह्मचर्याचं इतकं मनापासून कौतुक मी कुठल्या साधूच्या तोंडूनही ऐकलेलं नाही.

शिवाय इथले प्रिन्सिपल टिकत नाहीत. धर्मसंघाचा आदेश आला की सिस्टर बॅग भरतात आणि दुसऱ्या कॉन्व्हेंटात जातात. एका सिस्टरांना गुलाबाचं वेड, दुसऱ्यांना मुलांच्या नखांचं, तिसऱ्यांना स्मार्ट बोर्डाचं. सर गुलाबांना पाणी घालतात, नखं तपासतात, बोर्डाची वायर लावून देतात आणि पुढच्या बदलीची वाट बघतात.

सरांचं खरं राज्य वर्गात नाही, प्रिन्सिपलच्या केबिनमध्ये आहे. शाळा कितीही इंग्रजी असली तरी शिक्षण निरीक्षकांचं पत्र मराठीतच येतं. सिस्टर केरळच्या किंवा मंगळूरच्या. 'संदर्भाधीन विषयान्वये'पाशी त्या थांबतात आणि घंटा वाजवतात. सर येतात, चष्मा चढवतात, कागद उजेडात धरतात. आधी स्वतःशी दोनदा वाचतात, भुवया उंचावतात, सुस्कारा टाकतात. सिस्टरांचा हात एव्हाना गळ्यातल्या क्रूसावर गेलेला असतो. मग निकाल: 'सिस्टर, दे आर आस्किंग, हाऊ मेनी टॉयलेट्स.' एवढ्यासाठी दीड पानाचं पत्र कसं लागतं, हे सर कधी फोडून सांगत नाहीत. संचमान्यता, शालार्थ, यू-डायस हे सगळे मंत्र त्यांनी असेच जपून ठेवले आहेत.

२७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, त्यांना हॉल हवा असतो. त्यासाठी दरवर्षी फादर स्टीफन्स कामाला येतात: इंग्लंडचा जेझुइट, पण 'क्रिस्तपुराण' लिहिलं ओव्यांमध्ये आणि ते १६१६ साली गोव्यात रायतूरला छापलं गेलं. 'सिस्टर, युवर ओन फादर!' हॉल मिळतो. २०२० तर सरांचंच साल. जानेवारीत उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाला अध्यक्ष म्हणून वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो, फेब्रुवारीत सगळ्या शाळांना मराठी सक्तीची करणारा कायदा विधिमंडळात मंजूर. सर स्टाफरूममध्ये पंख्याखालच्या खुर्चीत बसू लागले. मार्चमध्ये शाळाच बंद झाल्या.

कॅथलिक मुलं कॅटेकिझमला गेली की उरलेल्यांना मॉरल सायन्स शिकवायचं कामही यांच्याकडेच. 'खरे बोलावे' हा धडा घेऊन सर सरळ केबिनमध्ये जातात आणि गौरीसाठी गावी जायचं म्हणून पोट दुखत असल्याचा अर्ज देतात. वर्षाच्या ७६ सुट्ट्यांमध्ये नाताळ ऐसपैस बसतो, गणपती मात्र अंग चोरून, ही त्यांची एकमेव तक्रार. पण तीही नाताळचा केक घरी नेईपर्यंतच.

परवा भाचा आला होता, नुकताच बी.एड. झालेला. 'मामा, मलाही मराठीच शिकवायचंय. तुमच्याकडं चिकटवा की.'

'आधी इंग्रजी सुधार.'

'मराठी शिकवायला इंग्रजी कशाला?'

'शिकवायला नाही रे,' सर म्हणाले, 'रजा मागायला.'