पाया पक्का

आमचे डोंबिवलीचे काका बँकेतून निवृत्त झाले आणि त्यांनी गिटार घेतली. वाजवायला नव्हे, शिकायला. "पाया पक्का हवा" हे त्यांचं पालुपद. पोहण्याच्या क्लासलाही ते पहिला आठवडा काठावर बसून श्वास मोजत होते म्हणे.

पेटी थोडी येते, म्हणूनच गिटारवर राग जास्त. पेटीवर पांढरी तीन आणि पांढरी चारच्या मध्ये काळी नाही, हे दिसतं तरी. "इथे ई-एफ शेजारी, बी-सी शेजारी, पण पडदे सगळे सारखेच!" त्यात पहिल्या मोकळ्या तारेचा ई दुसऱ्या तारेवर पाचव्या पडद्यावर, तिसरीवर नवव्या, चौथीवर चौदाव्या पडद्यावर पुन्हा हजर. "एका खातेदाराचे चार पत्ते? आमच्या शाखेत केवायसीच झालं नसतं याचं!" तार जुळवताना पाचवा पडदा दाबला की पुढची तार मिळते, फक्त तिसरीवरून दुसरी जुळवायला चौथा. ही कुणाची तरी बेरीज चुकली आहे, असं काकांचं ठाम मत.

मग काकूच्या टिकल्या गेल्या. शार्पला काळी, बाकीच्यांना मरून. बाराव्या पडद्याशी तार निम्मी होते आणि तिथून सगळं पुन्हा पहिल्यापासून, हे कळल्यावर उरलेलं पाकीट वाचलं.

गिटार अजून गप्पच. शेजारी खूश आहेत. उजळणी तेवढी रोज मोठ्याने चालते.

"तिसरी तार, तिसरा पडदा... बी!"

"बी चौथ्यावर," मटार सोलता सोलता काकू. "तिसऱ्यावर बी फ्लॅट."

तिने गिटारला आजवर फक्त फडकं लावलंय.

कोजागिरीला गच्चीवर चौथ्या मजल्यावरच्या मुलाने त्याच गिटारवर धडाधड गाणी वाजवली. सगळी सोसायटी गायली. काकाही गायले, खोटं कशाला बोला. पण गाणं संपताच पुढे सरसावले.

"शेवटी दुसऱ्या तारेवर तिसऱ्या पडद्यावर बोट होतं तुझं. कुठला स्वर?"

"माहीत नाही, काका."

काकांनी विजयी मुद्रेने आमच्याकडे पाहिलं आणि तोंड उघडलं.

"डी," मसाला दूध ओतत काकू म्हणाली. "अहो, पेला धरा आधी."