भिंत शहराची, रंग आपला, सही कोणाची?

प्रति,
माननीय ठेकेदारसाहेब
(भिंती सुशोभीकरण, दर प्रति चौरस फूट)
भोपाळ

विषय : शहराच्या भिंती रंगवून दिल्याबद्दल जाहीर आभार मानण्याबाबत.

महोदय,

पत्र खुले का लिहितो आहे, ते आधी सांगतो. आपला पत्ता मिळावा म्हणून आपण रंगवलेल्या भिंती खालपासून वरपर्यंत वाचून काढल्या. स्वच्छतेचा संदेश सापडला, बोधचिन्हे सापडली, 'यहाँ कचरा न फेंकें' हेही सापडले. रंगवणाऱ्याचे नाव तेवढे सापडले नाही. तेव्हा ज्या ठेकेदाराला हे पत्र वाचून ठसका लागेल, त्याने ते आपल्याच नावचे समजावे.

आभार मात्र मनापासून आहेत. २०१७ आणि २०१८ अशी लागोपाठ दोन वर्षे स्वच्छ सर्वेक्षणात इंदूर पहिले आले आणि आमचे भोपाळ दुसरे. ती रुखरुख बहुधा भिंतींवर उतरली. पुलाचे खांब, शाळांची कुंपणे, नाल्यांचे कठडे, जिथे म्हणून सपाट जागा दिसली तिथे आपण एक हरिण उभे केले आणि त्याच्या शिंगांतून झाड उगवले. आधी त्या जागी गुप्तरोगाचे दवाखाने आणि कोचिंग क्लास होते. हरिण केव्हाही बरे. जुन्या शहरात पटियांवर, म्हणजे घराबाहेरच्या ओट्यांवर, गप्पा छाटणाऱ्या मंडळींनाही आता 'को खां, ये वाला मोर देखा?' एवढा नवा विषय मिळाला आहे.

आपल्या कामाची थोरवी कळण्यासाठी जरा जुन्या कारागिरांकडे पाहावे लागते. भोपाळपासून पंचेचाळीस किलोमीटरवर भीमबेटका आहे. १९५७ साली रेल्वेने जाताना विष्णु श्रीधर वाकणकरांना तिथले खडक खुणावू लागले आणि आमच्या या मराठी माणसाने पुढे आयुष्यच शैलचित्रांच्या मागे घातले. सातशेहून अधिक शैलाश्रय, त्यांतल्या कित्येकांत चित्रे. गव्यामागे लागलेले शिकारी, फेर धरून नाचणारी माणसे, पुढच्या काळातले घोडेस्वार. २००३ साली युनेस्कोनेही त्यांना जागतिक वारसा म्हटले.

पण निविदेच्या कसोटीवर हे लोक पहिल्या फेरीतच बाद झाले असते. अनामत रक्कम भरलेली नाही. अनुभवाचा दाखला नाही. पृष्ठभाग घासलेला नाही, प्रायमर नाही. आजोबांच्या चित्रावरच नातवाने चित्र काढलेले, असे हजारो वर्षे चाललेले. रंग म्हणजे गेरू आणि पांढरी माती. हमीपत्र कोणी दिले नाही, तरीही रंग टिकून आहे, हा तर व्यवसायद्रोहच. असा रंग सगळ्यांनी वापरला तर पुढच्या वर्षीची निविदा काढायची कशाची?

आता श्यामला हिल्सवर या. १३ फेब्रुवारी १९८२ रोजी तिथे भारत भवन उघडले. वास्तुरचना चार्ल्स कोरियांची, आणि 'रूपंकर' या कलासंग्रहालयाची सूत्रे चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांच्याकडे. या गृहस्थांनी खटाटोप किती करावा! तरुण कलावंतांना खेडोपाडी पाठवले. पाटणगढ नावाच्या गोंडांच्या गावात त्यांना घराच्या भिंतीवर एक चित्र दिसले आणि ते काढणारा विशीतला जनगढसिंह श्याम भेटला. त्याला भोपाळला आणले, कागद दिला, रंग दिले. १९८९ साली त्याचे काम पॅरिसच्या पॉम्पिदू केंद्रात लागले. पुढे कोरियांनीच बांधलेल्या विधान भवनाच्या भिंतीही त्याने रंगवल्या. एवढ्याशा गोष्टीसाठी केवढी पायपीट! स्वामीनाथन यांच्याकडे आपल्यासारखा पुठ्ठ्याचा छाप असता, तर एका दुपारीत उरकले असते.

एक बारीकशी अडचण तेवढी कानावर घालतो. आपले हरिण गोंड धाटणीचे आहे, आणि गोंड चित्रात आकृती भरण्याची प्रत्येकाची रीत वेगळी असते. कोणी ठिपक्यांनी भरतो, कोणी साखळ्यांनी, कोणी खवल्यांसारख्या कमानींनी. जाणकार त्यावरूनच चित्र कोणाचे ते सांगतात. म्हणजे हरणाच्या पोटातली ती नक्षी नुसती सजावट नाही, ती त्या चित्रकाराची सही आहे. आपला छाप ती सही शहरभर उमटवत सुटला आहे. दुसऱ्याची सही धनादेशावर गिरवली तर गुन्हा दाखल होतो. भिंतीवर गिरवली की बिल मंजूर होते.

भूरीबाईंचेही ऐकून ठेवा. झाबुआ जिल्ह्यातल्या पिटोलची ही भिल्ल बाई भारत भवनाच्या बांधकामावर मजूर होती, रोजी सहा रुपये. स्वामीनाथन यांनी तिला चित्र काढायला सांगितले. २०२१ साली तिला पद्मश्री मिळाली आणि त्याच टेकडीवरच्या जनजातीय संग्रहालयातल्या लांबलचक भिंतीवर तिने स्वतःचे आयुष्यच रंगवले आहे. तसेच भज्जू श्याम. भोपाळात आले तेव्हा रात्रीची राखणदारी करत. जनगढच्या हाताखाली शिकले आणि २०१८ साली पद्मश्री झाले. आपल्या परांची-मचाणांवर रोजाने चढणाऱ्या पोरांत असे कोणी नाहीच, असे आपण छातीठोकपणे सांगू शकाल? विचारले असेलच म्हणा. हजेरीपटावर नावे असतातच. फक्त ती तिथून भिंतीवर येत नाहीत.

२०२३ साली गोंड चित्रकलेला भौगोलिक मानांकनही मिळाले. कलेला गाव मिळाले. माणसाचे नाव अजून रांगेत आहे. दिल्लीच्या लोधी कॉलनीत सरकारी घरांच्या भिंती रंगवल्या, तेव्हा कोणती भिंत कोणी रंगवली हे जगजाहीर होते. तिथल्या भिंतींना त्याचा काही त्रास झाल्याचे ऐकिवात नाही.

एक भिंत मात्र आपल्या दरपत्रकातून सुटली आहे, आणि ती सुटलेलीच राहावी. जयप्रकाश नगरसमोरची, युनियन कार्बाइडच्या कारखान्याची. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री तिथून विषारी वायू सुटला, आणि त्यानंतर गेली चाळीस वर्षे तिथे घोषणा आणि चित्रे काढली जात आहेत. अँडरसनला फाशी द्या, असे तिथल्या लोकांनी लिहिले. कंपनीचा तेव्हाचा हा अध्यक्ष २०१४ साली अमेरिकेत वारला, इथल्या न्यायालयासमोर एकदाही उभा न राहता. समोरच डच शिल्पकार रूथ वॉटरमन यांनी १९८५ मध्ये घडवलेले आई आणि मुलाचे शिल्प आहे. या भिंतीवर मोर नाही. रंग साधाच, अक्षर वेडेवाकडे, आणि सहीही नाही. ही पळवाट आपल्याला लगेच सापडेल, म्हणून आधीच बुजवतो. भीमबेटक्यालाही सही नाही, इथेही नाही. पण शिकार ज्यांनी केली त्यांनीच ती काढली, आणि वायू ज्यांच्या छातीत गेला त्यांनीच ही अक्षरे लिहिली. तिथे लिहिणारा कोण, हे वस्तीला विचारावे लागत नाही. आपला मोर कोणाचा, हे मात्र कोणीही सांगू शकत नाही; बहुधा आपणही नाही.

सबब, पुढील निविदेत तीन किरकोळ कलमे घालून घ्यावीत ही विनंती.

१. प्रत्येक चित्राखाली वीतभर जागा चित्रकाराच्या नावासाठी सोडावी. तिचे मोजमाप चौरस फुटात धरून बिल लावले तरी आमची हरकत नाही.

२. गोंड किंवा भिल्ल चित्र हवे असेल तर ते गोंड किंवा भिल्ल चित्रकाराकडून, त्याच्या मनाने काढून घ्यावे. ते राहतात याच शहरात. स्वामीनाथन यांच्याइतके चालावे लागणार नाही.

३. ज्या भिंतीवर मोहल्ल्याने स्वतः काही लिहिले आहे, तिला सुशोभित करू नये. ती बोलते आहे, तिला मध्येच तोडू नये.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक मराठी भोपाळी

ता. क. : चित्रकाराचे नाव घालणे अगदीच जड जात असेल, तर आपले स्वतःचे घाला. माझा अनुभव असा की, खाली नाव लिहायचे म्हटले की माणूस रंगाचा दुसरा हात आपोआप मारतो. आपल्या बिलात तो आधीच मारलेला आहे, तेव्हा जादा खर्चाची चिंता नको.