भुवयांचा माणूस

मी परफेक्शनिस्ट आहे, हे मी कुणी न विचारता सांगतो. सूर तक्रारीचा असतो, "काय करणार, स्वभावच तसा!" पण ती असते निव्वळ जाहिरात. टॉवेलाची किनार किनारीला भिडली नाही तर मला झोप लागत नाही. लग्नपत्रिकेतला चुकलेला ऱ्हस्व-दीर्घ मी यजमानाला भर मांडवात दाखवतो. चहा बिघडला तर तोंडानं 'छान' म्हणतो आणि खरं काय ते भुवया सांगतात. बायको म्हणते, "अहो, भुवया काढून ठेवा नि मग चहा घ्या."

हा रुबाब हरतो तो राळेगावकडच्या वावरात, रोडग्यांपुढे. कणीक जाडसर हवी, एवढंच त्यातलं शास्त्र. एक गोळा तेल लावून दुसऱ्याच्या पोटात, तो तिसऱ्याच्या, आणि सगळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात. एक बाजू करपते, दुसरी तडकते, राख दोन्हीकडे. मग फडक्यात झटकायचे, मुठीनं फोडायचे, तुपात बुडवायचे. सोबत वरण आणि वांग्याची झणझणीत भाजी. गोळे एका मापाचे असावेत, असं मी एकदा सुचवलं. रोडगे भाजत बसलेल्या दादांनी विस्तवावरची नजर न काढता विचारलं, "पोटात गेल्यावर कोन मोजते बाप्पा?" मी सगळ्यात काळा रोडगा उचलला आणि तूप वाढवून घेतलं. करपलेल्या पापुद्र्याला जी चव असते, ती एकसारख्या गोलाईला येत नाही; या विषयावर मी तासभर बोलू शकतो आणि बोलतोही.

दादांना नेमकेपणाचं वावडं नाही. कपाशीची चौफुली ते अशी पाडतात की डवरा उभा घाला की आडवा, झाड मोडत नाही. पेरणीला मात्र त्यांना ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस आणि वापसा पुरतो. मनासारख्या मृगाची वाट पाहत बसलं तर हंगाम हातचा जातो.

नेमकेपणाची चीड येते ती हमीभावाच्या केंद्रावर कापूस विकायला नेल्यावर. ढिगात ओलावा मोजणारं यंत्र खुपसतात. ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण हमीभाव, त्यावर प्रत्येक टक्क्याला कपात, १२ च्या वर गेला की गाडी परत. वेचणीच्या दिवसांत अवकाळी आला, हा जणू शेतकऱ्याचाच गबाळेपणा! २०१७ साली गुलाबी बोंडअळीनं बीटी कपाशी पोखरली, तेव्हा बियाण्याची पूर्ण किंमत आधीच मोजून झाली होती. तिच्यातून टक्क्याटक्क्यानं काही कापायची सोय नव्हती. काटेकोरपणाची सक्ती नेहमी गाडी घेऊन रांगेत उभा असलेल्यावरच होते. आम्ही पंख्याखाली बसून तो हौसेनं मिरवतो.

तेव्हा माझ्या जातीच्या समस्त मंडळींना हात जोडून विनंती: आपल्या चुकीनं दुसऱ्याचं पीक जाणार असेल, तिथं डोळ्यांत तेल घालून बघा. बाकी ठिकाणी वापसा आला की पेरून मोकळे व्हा.