ळ कुठे गळतो?

जळगाव स्थानकावरच्या पाट्या बघा. लिपी एकच, देवनागरी. मराठीत ‘जळगाव’, हिंदीत ‘जलगांव’. एका ओळीतून दुसऱ्या ओळीत येईपर्यंत ळ गळालेला असतो. धुळ्याचे धुले होते, यवतमाळचे यवतमाल. कुर्ल्याच्या टर्मिनसवर तर टिळकांचे ‘तिलक’ झाले आहेत. तिथे ळ गेलाच, ट सुद्धा गेला. तिलक हा शुद्ध संस्कृत शब्द आहे, असे समर्थन कोणी करील. असू दे. माणसाचे आडनाव शुद्ध करून घ्यायचे नसते. तो स्वतः जसे लिहीत होता तसे लिहायचे असते.

हिंदी भाषकाला ळ म्हणता येत नाही, याबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. प्रमाण हिंदीत तो ध्वनीच नाही, तर जीभ वळणार कशी? पण उच्चार न जमणे वेगळे आणि अक्षर न लिहिणे वेगळे. डॉक्टर, कॉलेज लिहिता यावे म्हणून हिंदीने ‘ऑ’ घेतला. फारसी-अरबी शब्दांसाठी अक्षराखाली नुक्ता दिला. इतक्या लांबून आलेल्या ध्वनींची सोय झाली आणि घरातल्या ळची होत नाही, हे मला पटत नाही. हे अक्षर काही आपल्या एकट्याचे नाही. ते गुजरातीत आहे, राजस्थानीत आहे, उडियात आहे, दक्षिणेच्या चारही मोठ्या भाषांत आहे. ऋग्वेदाच्या पहिल्याच ऋचेत ‘ईळे’ आहे, म्हणजे ळ परका म्हणायची सोयही उरत नाही. आणि संगणकाचे कारण तर कोणी सांगूच नये. देवनागरीचा इनस्क्रिप्ट कळफलक उघडा: इंग्रजी एनच्या कळीवर ल आहे आणि शिफ्ट दाबून तीच कळ दाबली की ळ. दिल्लीतल्या टंकलेखकाच्या बोटाखालीही तो आहे.

आता मात्र ळ गळण्याची आणखी मोठी जागा तयार झाली आहे, आणि तिचा हिंदीशी संबंध नाही. ऑनलाइन अर्जात नाव आधी इंग्रजीत भरायचे, शेजारचा मराठी रकाना संगणक आपोआप भरतो. के-ए-एल-ई टाइप केले की समोर ‘काले’ उमटते. खिडकीपलीकडचा माणूस घाईत, मागे रांग. काळे काले होऊन बाहेर पडतात. माळी माली होतात, पोळ पोल होतात. मग शाळेच्या दाखल्यावर एक आडनाव आणि ओळखपत्रावर दुसरे. शिष्यवृत्तीच्या वेळी ते जुळत नाही, आणि पोराचा बाप प्रतिज्ञापत्रासाठी मजुरी बुडवून तालुक्याला जातो. मराठी माणसाचे मराठी नाव मराठी अर्जात, महाराष्ट्रात बसून, इंग्रजीतून उलटे आणायचे! हा उद्योग कोणाला सुचला?

रोमन लिपीत हे जमतच नाही म्हणावे, तर तेही खरे नाही. एकोणिसाव्या शतकात विल्यम हंटरने गावांची नावे इंग्रजीत लिहायची जी पद्धत घालून दिली, तीच थोड्याफार फरकाने आपण अजून चालवतो. तिच्या रोजच्या रूपात ल-ळ, द-ड, न-ण यांना एकेकच अक्षर येते. पण त्याच्याही कितीतरी आधी, १६१६ साली, फादर थॉमस स्टीफन्सचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ गोव्यात रायतूरला रोमन लिपीत छापले गेले. स्टीफन्स जन्माने इंग्रज. त्याने ळसाठी एल दोनदा लिहिला. ‘परिमळ’ लिहितानाही दोन एल, म्हणजे वाचणाऱ्याची जीभ बरोबर वळावी. गोव्यातली रोमी कोकणीही अशी जोड अक्षरे वापरते. चारशे वर्षांपूर्वी एका परदेशी पाद्र्याने ही काळजी घेतली. आपल्या संगणकवाल्यांना ती घ्यावीशी वाटत नाही, एवढाच याचा अर्थ.

आणि आपण? आपली वृत्तपत्रे बिनदिक्कत ‘कोझिकोड’ छापतात, ‘कनिमोझी’ छापतात. मल्याळम आणि तमिळमधल्या त्या अक्षराला इंग्रजीत झेड-एच लिहायची रीत आहे, म्हणून आपण त्याचा झ करून मोकळे झालो. त्या ध्वनीत झ कुठेच नाही. त्याच्या सर्वांत जवळचे अक्षर आपल्याकडे आहे, ते ळ. ‘तमिळ’ लिहिताना आपण ते बरोबर वापरतो, कारण तो शब्द इंग्रजीतून आलेला नाही. कोझिकोड बातमीच्या तारेतून इंग्रजीत येते, आणि उपसंपादक समोर दिसतील ती अक्षरे उतरवतो. हिंदीवाल्यांना ळचा धडा द्यायला निघालेल्या मराठी माणसाने आधी हे निस्तरावे.

करायचे फार थोडे आहे. अर्जातला मराठी रकाना रिकामा ठेवा आणि तो आधी भरून घ्या; इंग्रजी नाव त्यावरून काढा. मराठीतून इंग्रजीत जाताना ळचा एल होईल, पण मूळ तरी शाबूत राहील. रेल्वेने हिंदी पाटीवर ‘टिळक’ लिहावे, वाचणाऱ्याने हवे तसे वाचावे. आणि मराठी वृत्तपत्रांनी उद्याच्या अंकापासून ‘कोळिकोड’ छापावे. त्यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नाही.